न रडणारं बाळ

नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या सामानात निओनॅटली ही अगदी साधी वस्तू. नॉर्वेतल्या लार्डल कंपनीची बाळबाहुली. हिला ना बॅटरी, ना पडदा, ना संगणक. रिकामी असली की घडी घालून पिशवीत टाकावी. सुमारे 2 लिटर कोमट पाणी भरलं, की मात्र तिचं बाळ होतं.

हे पाणी ही या कृतीतली पहिली सुंदर जागा. पाण्यानं वजन येतं, ऊब येते आणि मुख्य म्हणजे ढिलेपणा येतो. उचलायला गेलं की मान मागे कलंडते, हातपाय लोंबतात. आपला तळवा आपसूक मानेखाली जातो. मानेला आधार द्या, हे कुणी सांगावं लागत नाही.

दुसरी जागा दिसायला नजर जरा बाजूला न्यावी लागते. बाळाच्या अंगातून नळ्या निघतात, टोकाला रबरी बल्ब, रक्तदाबाच्या यंत्राला असतो तसे. ते शिक्षिकेच्या मुठीत. दाबले की नाळेला ठोके लागतात, छाती हलते, बाळ रडतं. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांत सूत्रधाराचं कसब बाहुली नाचवण्यात. इथे ते न नाचवण्यात आहे. विद्यार्थिनी बाळ पुसते, पाठ चोळते, कानोसा घेते. शिक्षिका मूठ दाबत नाही. समोर प्लास्टिक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घसा कोरडा पडतो.

मग अंबू बॅग, तोंडावर मास्क लावून श्वास द्यायची हाताने दाबायची पिशवी. मास्क नीट बसला नाही तर हवा कडेनं फुसकन निघून जाते. हनुवटी छातीकडे झुकलेली राहिली तरी छाती ढिम्म. डोकं किंचित मागे, मास्क घट्ट, आणि छाती वर येते. जेमतेम दिसेल इतकीच. हे सगळं जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात साधायचं. प्रशिक्षणात त्याला ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात.

याच घराण्यातली थोरली बहीण रिससी ॲन, 1960 सालची. ती घडवणारे ऑस्मुंड लार्डल मूळचे खेळणी बनवणारे. सीन नदीत सापडली असं सांगतात त्या अनोळखी तरुणीचा मुखवटा त्यांनी ॲनला दिला, आणि त्या चेहऱ्याच्या कथा जगभर झाल्या. निओनॅटलीचा चेहरा कुणाच्या लक्षातही राहत नाही. लक्षात राहतो तो तिचा भार आणि तिचं गप्प राहणं. मला ही धाकटी जास्त आवडते.

उणिवा आहेतच. ती निळी पडत नाही, खऱ्या बाळासारखी ओली-निसरडी नसते. मागून आईचा हंबरडा येत नाही. त्यासाठी मामानॅटली आहे: शिक्षिकेनं ती पोटाला बांधायची आणि स्वतःच बाळंतीण होऊन कळा द्यायच्या. धीर द्यायला विसरलेल्या विद्यार्थिनीला तिथे बोलणी बसतात.

जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीसारख्या तहसिलीच्या गावी रात्रीच्या बाळंतपणाला बालरोगतज्ज्ञ हाताशी असेलच असं नाही. लेबर रूममध्ये सिस्टर असते आणि तिच्या हाताला लागलेलं वळण. ते वळण एका वर्गानं पडत नाही. पुन्हापुन्हा घोटावं लागतं. म्हणून ज्या कॉलेजात ही बाहुली ‘खराब होईल’ म्हणून कपाटात कुलूपबंद आहे, तिथल्या बाईंना एवढंच सांगणं: किल्ली काढा, पाणी कोमट करा.