ऊर्ट ह्यांचे एकोणीस धूमकेतू : एका अनुमानाची तपासणी

यान ऊर्ट ह्यांनी १९५० साली नेदर्लंड्सच्या ज्योतिर्वैज्ञानिक संस्थांच्या पत्रिकेत प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा आधार अवघ्या १९ धूमकेतूंच्या कक्षांचा होता. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवरून सूर्यमालेभोवती धूमकेतूंचा प्रचंड मेघ आहे असे प्रतिपादन करणे, हे धाडसच होय. ते धाडस फळाला आले. म्हणून त्यामागील युक्तिवाद निर्दोष होता असे मात्र ठरत नाही.

सूर्यासमीप असताना निश्चित केलेली कक्षा ही धूमकेतूची मूळची कक्षा नव्हे. गुरू, शनी इत्यादी ग्रहांच्या क्षोभांनी ती बदललेली असते. म्हणून गणित उलट दिशेने चालवून, ग्रहांच्या प्रदेशात शिरण्यापूर्वीची ‘मूळ कक्षा’ काढावी लागते, आणि तीही सूर्याच्या नव्हे, तर साऱ्या सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याच्या संदर्भात. अपास्त भासणाऱ्या कक्षा मूळच्या बहुधा विवृत्ताकारच असतात, हे एलिस स्ट्रमग्रेन ह्यांनी १९१४ मध्येच दाखविले होते. ऊर्ट ह्यांनी अर्धदीर्घाक्षाचा व्यस्तांक, म्हणजे कक्षेच्या ऊर्जेचे माप, विचारात घेतला. तो दशलक्षांशांत मांडला असता १९ पैकी १० धूमकेतू ५० अंकांच्या आत आले. ५० अंक म्हणजे २०,००० खगोलीय एककांचा अर्धदीर्घाक्ष आणि सुमारे २८ लाख वर्षांचा आवर्तकाल. ग्रहांमुळे एका फेरीत पडणारा फरक मात्र कित्येक शेकडा अंकांचा असतो. तेव्हा इतकी अरुंद दाटी एका फेरीनंतरही टिकणार नाही. ज्याअर्थी ती दिसते, त्याअर्थी हे धूमकेतू प्रथमच येत आहेत. निबंधातील हा भाग आजही वाचताना समाधान देतो. मंगळ व गुरू ह्यांमधील फुटलेल्या ग्रहापासून धूमकेतू उपजले, ही त्याच निबंधातील उत्पत्तीची कल्पना मात्र पुढे टिकली नाही.

दोष आहे तो ‘प्रथमच’ ह्या शब्दात. मागील फेरीत धूमकेतूचे उपसूर्य अंतर किती होते, हे अर्धदीर्घाक्षावरून कळत नाही. आकाशगंगेच्या भरतीप्रेरणेने हे अंतर दर फेरीस बदलते. मागील उपसूर्य बिंदू १५ ते २० एककांच्या पलीकडे असेल, तरच ग्रहांचा परिणाम नगण्य मानता येतो. पोलंडच्या क्रुलिकोव्स्का व डिबचिन्स्की ह्यांनी कक्षा एका फेरीइतक्या मागे नेऊन पाहिल्या, तेव्हा ‘नवे’ समजलेल्यांतील लक्षणीय भाग पूर्वीही ग्रहांच्या प्रदेशातून गेलेला आढळला. वर्गीकरण एकाच अंकावर टांगण्याची सोय त्यामुळे गेली.

दुसरी बाब केंद्रकातून सुटणाऱ्या वायूंच्या प्रतिक्षेपाची. व्हिपल ह्यांनी हिमकेंद्रकाची कल्पना त्याच १९५० साली मांडली, आणि १९७३ मध्ये मार्सडेन, सेकानिना व योमन्स ह्यांनी ह्या प्रेरणांचे सुटसुटीत सूत्र दिले. ते वापरल्यावर अपास्त ठरलेल्या कित्येक मूळ कक्षा विवृत्त होतात. खरोखरीच परका असा बोरिसोव्ह धूमकेतू (२०१९) सुमारे ३.३६ उत्केंद्रतेचा होता. त्याच्यापुढे एकाहून किंचित अधिक उत्केंद्रतेला कोणी महत्त्व देऊ नये.

भावी कक्षेचे गणितही तितकेच नाजूक आहे. हेल-बॉप धूमकेतू एप्रिल १९९६ मध्ये गुरूपासून सुमारे ०.७७ एककावरून गेला आणि त्याचा आवर्तकाल सुमारे ४,२०० वर्षांवरून अदमासे २,५०० वर्षांवर आला. बोवेल धूमकेतू तर डिसेंबर १९८० मध्ये गुरूच्या ०.२३ एकक इतका निकट गेल्याने १.०५७ उत्केंद्रता घेऊन कायमचा निघून गेला.

म्हणून एकच रेषा काढून तिला धूमकेतूचा इतिहास म्हणणे अयोग्य. निरीक्षणांतील त्रुटींना अनुसरून हजारो प्रतिकक्षा घ्याव्यात, त्या सर्व मागे न्याव्यात आणि पसारा जसा येईल तसा सांगावा. क्रुलिकोव्स्का-डिबचिन्स्की ह्यांच्या कामाचे खरे मोल ह्या शिस्तीत आहे. तरीही तारे उरतातच. गाया उपग्रहाच्या मापनांनुसार एच. डी. ७९७७ हा तारा सुमारे २८ लाख वर्षांपूर्वी सूर्याजवळून गेला. ५० अंकांच्या धूमकेतूचा आवर्तकाल नेमका तेवढाच! तो किती जवळून गेला हे अंतर अद्याप पुरेसे निश्चित झालेले नाही; तोवर अशा धूमकेतूंची मागील उपसूर्य अंतरे त्या ताऱ्याच्या शर्तीसहच छापली जावीत.