पडद्यावरचा ‘राऊ’

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आधाराने संजय लीला भन्साळी यांनी काढलेला ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ च्या डिसेंबरात लागला, तेव्हा आमच्या गिरगावात दोन तट पडले. एकाचे डोळे पेशवाईच्या झगमगाटाने दिपले होते. दुसऱ्याला ‘पिंगा’ नाचणारी काशीबाई पाहून भोवळ आली होती. मला दोन्ही तटांत बसता येईना.

माझी तक्रार नावापासूनच सुरू होते. ‘राऊ’ ही घरातली हाक. ज्याला सारे घर आपला म्हणते, त्याने बाहेरची एक स्त्री आपली म्हणून आणली तर त्या घराचे काय होते, ही कादंबरीची गोष्ट. चित्रपटाने नाव बदलले, आणि घर मागे सरून जोडी पुढे आली. मग आरसेमहाल आलाच!

वास्तविक ह्या प्रेमाला आडवी आली ती पंगत, सोवळे आणि मुंज. १७४० च्या आरंभी रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न निघाले, तेव्हा बाजीराव हजर राहणार असतील तर आम्ही कार्याला येणार नाही, असे पुण्याच्या ब्रह्मवृंदाने बजावले. पालखेडला निजामाची कोंडी करणाऱ्या पुरुषाला पोटच्या पोराच्या मुंजीत मांडवात उभे राहण्याची चोरी! चाळीत राहून ज्यांनी कार्याच्या आमंत्रणांच्या याद्या केल्या आहेत, त्यांना हे दुःख समजावून सांगावयास नको.

भन्साळींना हे उमगले नाही असेही म्हणवत नाही. तन्वी आझमींच्या राधाबाई मस्तानीपुढे घुंगरू ठेवतात, त्या एका प्रसंगात सारा वाडा बोलतो. प्रियांका चोप्रांची काशीबाई गप्प असते तेव्हा फार खरी वाटते. म्हणून तर ‘पिंगा’ खटकतो. पायाच्या दुखण्याने गांजलेल्या बाईला नाचविले, एवढ्यावर मी भांडलो नसतो. तिच्या मौनावर दिग्दर्शकाचा भरवसा नाही, ह्याचे वाईट वाटते.

फ्रेंच मंडळी द्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ पुनःपुन्हा पडद्यावर आणतात. २०२४ सालीही आणली. तो नायक कल्पित, हवा तसा नटवावा. आमचा राऊ मात्र २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीस वारला. त्याच्या ज्वरातल्या भासाचे काळे घोडेस्वार पडद्यावर आले, ते मला आवडले. पण कॅमेरा तेथेच थांबतो. मस्तानीचा समशेर पुढे पेशव्यांच्याच घरी वाढला, १७६१ साली पानिपतावर त्याच घराण्यासाठी लढला आणि जखमांनी गेला. त्याची मुंज मात्र कोणी होऊ दिली नव्हती.