व्रत, ताट आणि जनावर : व्हीगन आहारातील विसंगतीची तीन साहित्यिक रूपे

मनुष्य जे खातो आणि आपण काय खातो असे तो जे सांगतो, यांतील अंतर हा लोकविनोदाचा फार जुना विषय आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही मराठी म्हण या अंतरावरच उभी आहे. अलीकडच्या काळात हे अंतर मोजण्यासाठी एक नवे क्षेत्र उपलब्ध झाले आहे, ते व्हीगन आहाराचे. मांस, मासे, अंडी यांबरोबरच दूध, दही, तूप, मध असे सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या माणसाच्या ताटाकडे भोवतालचा समाज विलक्षण बारकाईने पाहतो. लग्नाच्या पंगतीत त्याने जिलबी घेतली, की ती तुपातली होती याची आठवण त्याला करून दिली जाते. त्याच्या पायांतील चामड्याची चप्पल निदर्शनास आणली जाते. आणि शेवटी दांभिकतेचा आरोप सिद्ध झाला असे मानून चर्चा थांबते.

हा आरोप खरा की खोटा, हे ठरवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्या आरोपाची रचना तपासणे हा हेतू आहे. विसंगतीची चर्चा सुरू होताच ती खाणाऱ्याच्या चारित्र्याकडे वळते आणि ज्या जनावरासाठी वर्ज्यावर्ज्याचा विचार सुरू झाला ते जनावर दृष्टीआड होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. मोहनदास करमचंद गांधी यांची आत्मकथा, जे. एम. कुट्सी यांचे 'द लाइव्हज ऑफ ॲनिमल्स' आणि हान कांग यांची इंग्रजीत 'द व्हेजिटेरियन' या नावाने अनुवादित झालेली कोरियन कादंबरी, अशा तीन संहितांच्या आधारे ते तपासावयाचे आहे.

१.

प्रथम शब्दाचा विचार करणे उचित ठरेल. 'व्हीगन' ही संज्ञा १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये घडवली गेली. दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांनी डोनाल्ड वॉटसन यांच्या पुढाकाराने त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली. 'व्हेजिटेरियन' या शब्दाच्या रोमन लिपीतील पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन त्यांनी आपले नाव तयार केले. या संस्थेने १९७९ मध्ये निश्चित केलेल्या व्याख्येत प्राण्यांचे शोषण टाळण्याच्या निश्चयाला 'शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर' या आशयाची मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा महत्त्वाची आहे. अपवादाची जागा तीत व्याख्येतच राखून ठेवलेली असल्यामुळे उच्चार आणि आचार यांतील प्रत्येक अंतर हा आपोआप व्रतभंग ठरत नाही. प्रश्न उरतो तो 'शक्य' आणि 'व्यवहार्य' ही पदे कोणी व कशी ठरवावयाची, एवढाच.

भारतीय भाषांत या संकल्पनेला जुना प्रतिशब्द नाही. 'शाकाहार' या शब्दात दूध केवळ सामावलेलेच नाही, तर सात्त्विक म्हणून ते त्याच्या केंद्रस्थानी आहे. मात्र अपवाद व्यक्त करण्याची व्यवस्था मराठीत अत्यंत समर्थ आहे. 'उपासाला साबुदाणा चालतो' हे वाक्य पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून तयार होतो तो मूळचा अमेरिका खंडातला; बटाटा, मिरची आणि भुईमूगही तिकडचेच. उपवासाची व्रते या पदार्थांहून कितीतरी जुनी आहेत. तरीही आज उपासाच्या फराळाची कल्पना या पदार्थांवाचून करता येत नाही. 'चालणे' या क्रियापदाने हे साध्य केले. त्यात अनुज्ञा आहे, पण अनुज्ञा देणारा नाही. काय चालते ते कळते. कोणी चालवून घेतले आणि कोणाच्या सोयीने, हे वाक्यात कोठेच येत नाही. आहारविषयक विसंगतीचे हे व्याकरण पुढील तिन्ही संहिता वाचताना उपयोगी पडते.

२.

१९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर गांधींनी हर्मान कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. मांस आणि अंडी पूर्वीच वर्ज्य होती. त्यामुळे 'व्हीगन' हा शब्द जन्मण्यापूर्वी तीन दशके त्यांचा आहार जवळजवळ त्या स्वरूपाचा झाला. दूध सोडण्याची कारणे आत्मकथेत दोन प्रकारची आहेत. दूध विकार उद्दीपित करते ही ब्रह्मचर्याशी निगडित धारणा हे एक कारण. कलकत्त्याहून आलेल्या लेखनात गाई-म्हशींवर गवळ्यांकडून होणाऱ्या अत्याचारांचे वर्णन त्यांनी वाचले, हे दुसरे.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या दगदगीनंतर ते गंभीर आजारी पडले. माथेरानचे पाणी मानवले नाही. पुढे मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही असे सांगितले व जोडीला लोह आणि आर्सेनिक यांची इंजेक्शने सुचवली. इंजेक्शनांना गांधींची हरकत नव्हती. दुधाला होती, कारण तेथे प्रतिज्ञा आड येत होती. या क्षणी मार्ग सुचवला तो कस्तुरबांनी. प्रतिज्ञा गाई-म्हशींच्या अत्याचारांतून निघाली असेल, तर शेळीच्या दुधाला हरकत कशाची, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. डॉक्टरांनी होकार भरला आणि गांधींनी तो मार्ग स्वीकारला.

या प्रसंगाविषयी गांधी स्वतःला सवलत देत नाहीत. मनात गाई-म्हशीच असल्या तरी प्रतिज्ञेचा स्वाभाविक अर्थ सर्व प्राण्यांचे दूध असाच होता, हे ते मान्य करतात. सत्याग्रहाच्या लढ्यासाठी जगण्याची इच्छा प्रबळ झाली, म्हणून आपण प्रतिज्ञेचे अक्षर सांभाळले आणि तिचा आत्मा गमावला, असे ते लिहितात. आत्मचरित्राच्या परंपरेत इतकी निःसंदिग्ध कबुली विरळाच. त्यामुळे विसंगतीचा आरोप करणाऱ्या समीक्षकाला येथे करण्यासारखे काही उरत नाही. आरोपपत्र लेखकानेच तयार करून ठेवले आहे.

परंतु याच कबुलीत एक वळण आहे. शेळीच्या दुधाचे शल्य आपल्याला अहिंसेच्या दृष्टीने तितके जाणवत नाही जितके सत्याच्या दृष्टीने जाणवते, असे गांधी स्पष्ट करतात. सलतो तो वचनभंग. कलकत्त्याच्या लेखनातील छळल्या जाणाऱ्या गाई-म्हशींपासून सुरू झालेला विचार येथे प्रतिज्ञा घेणाऱ्याच्या सत्यनिष्ठेवर येऊन स्थिरावतो. शेळी कोणाची होती, तिचे करडू दुधावाचून राहिले काय, हे प्रश्न संहितेत उपस्थितच होत नाहीत. विसंगती पूर्ण प्रामाणिकपणे मांडली जाते आणि त्या मांडणीतच जनावर अदृश्य होते. कस्तुरबांचे स्थानही असेच आहे. पळवाट त्यांनी सुचवली, ती आपली मानून तिचे दुःख मात्र गांधींनी वाहिले. पतीला मरताना पाहण्यापेक्षा त्याचे व्रत वाकवणारी स्त्री हा या कथेतील दुसरा नैतिक दृष्टिकोन आहे. तो आत्मकथेच्या निवेदनात एका वाक्यापुरता प्रकट होतो.

या संदर्भात गांधींचे नंतरचे लेखन लक्षणीय आहे. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलेल्या 'आरोग्य की कुंजी' या पुस्तिकेत, काटेकोर अर्थाने दूध शाकाहारात बसत नाही असे ते म्हणतात. इतकेच नव्हे, तर जो दूध घेऊ शकतो त्याला निर्जीव अंड्याची हरकत असू नये, या निष्कर्षापर्यंत ते जातात. येथे वैयक्तिक वचनभंगाची जागा वर्गीकरणाने घेतली आहे. स्वतःच्या ताटातील विसंगतीवरून ते भारतीय शाकाहाराच्या एकूण विसंगतीकडे बोट दाखवतात. 'चालते' हे क्रियापद येथे प्रथमच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहते.

३.

कुट्सींचे 'द लाइव्हज ऑफ ॲनिमल्स' प्रिन्स्टन विद्यापीठातील व्याख्यानांतून आकाराला आले. ते १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि २००३ च्या 'एलिझाबेथ कॉस्टेलो' या कादंबरीत समाविष्ट झाले. वृद्ध कादंबरीकार कॉस्टेलो एका अमेरिकन महाविद्यालयात प्राण्यांच्या कत्तलीविषयी व्याख्यान देते. नंतरच्या मेजवानीत महाविद्यालयाचे अध्यक्ष सौजन्याने विचारतात की तिचा शाकाहार नैतिक निष्ठेतून येतो, असे समजावे काय. तिचे उत्तर अनपेक्षित आहे. आपण हे आपला आत्मा वाचवण्यासाठी करतो, असे ती म्हणते. अध्यक्ष या जीवनपद्धतीविषयी आदर व्यक्त करतात, तेव्हा आपल्या पायांत चामड्याचे बूट आणि हातात चामड्याची पर्स आहे, याकडे तीच त्यांचे लक्ष वेधते.

बाह्यतः ही गांधींसारखीच कबुली वाटते. 'आत्मा वाचवणे' हा शब्दप्रयोग तर खाणाऱ्याच्या अंतर्यामाकडेच निर्देश करतो. तरीही दोहोंत मूलभूत फरक आहे. कॉस्टेलोची कबुली आदर स्वीकारण्यास नकार देते. सुसंगतीचा फार आग्रह धरू नये, या अर्थाचे सुभाषित पुटपुटून अध्यक्ष तिला मोकळे करू पाहतात. ती मात्र मोकळी होत नाही. मांस खाणे आणि चामडे वापरणे यांत फरक असलाच तर तो बीभत्सतेच्या प्रमाणाचा, असा तिचा रोख आहे. पानात नसलेले जनावर तिच्या पायांत आहे, हे ती मेजावरील सर्वांना पाहावयास लावते. विसंगती येथे जनावराला दृष्टीआड न करता, कातड्याच्या रूपाने का होईना, त्याला सभेत आणते. कुट्सींनी व्याख्यानाऐवजी कथेचा घाट निवडला तो यासाठीच असावा. निबंधात विसंगती हा युक्तिवादातील दोष ठरतो. कथेत ती पात्राच्या अंगावरची वस्तू होऊ शकते.

४.

हान कांग यांची कादंबरी कोरियन भाषेत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. डेबरा स्मिथ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले आणि २०२४ मध्ये लेखिकेला नोबेल पारितोषिक देण्यात आले. येथील विवेचन या इंग्रजी अनुवादावर आधारित आहे. नायिका योंग-हे एका रात्री घरातील सर्व मांस टाकून देते. अंडी आणि दूधही घरातून नाहीसे होते. गांधी आणि कॉस्टेलो यांच्यापेक्षा तिचा आचार अधिक कडक आहे, परंतु तिच्यापाशी उच्चार नाही. कारण विचारले असता आपल्याला स्वप्न पडले, एवढेच ती सांगते. तिला शाकाहारी हे नाव देतात ते इतर लोक. घोषणाच नसल्यामुळे विसंगतीचा आरोप तिच्यावर करता येत नाही. म्हणून कुटुंब आरोपाऐवजी बळाचा वापर करते आणि पिता तिच्या तोंडात मांस कोंबतो.

तरीही कादंबरी नायिकेला निर्दोष ठरवत नाही. बालपणी तिला चावलेल्या कुत्र्याला पित्याने मोटारसायकलला बांधून मरेपर्यंत फरफटवले आणि त्याचे मांस तिनेही खाल्ले, ही आठवण तिच्याच स्वगतातून येते. पहिल्या भागाच्या अखेरीस, रुग्णालयाच्या आवारात बसलेल्या योंग-हेची मूठ पती उघडतो तेव्हा तीतून चेंगरलेला एक लहानसा पक्षी खाली पडतो. त्याच्यावर दातांचे व्रण आणि रक्ताचे डाग आहेत. ते दात कोणाचे, याचा उलगडा होत नाही. उच्चाराविना असलेल्या आचारातही दरी आहे. पण ती कबुलीने भरलेली नाही आणि युक्तिवादानेही नाही. तेथे केवळ मृत पक्षी आहे. गांधींच्या संहितेत न दिसणारी शेळी आणि कॉस्टेलोच्या पायांतील कातडे यांनंतर, येथे जनावर शरीरासह उपस्थित होते.

याची किंमतही कादंबरी सांगते. ताट आणि नकार यांत अंतर उरू नये म्हणून योंग-हे अखेर अन्नच सोडते आणि आपण झाड होत आहोत असे मानू लागते. पूर्ण सुसंगती ही येथे जगण्याच्या बाहेरची अवस्था ठरते. विसंगतीवर बोट ठेवणारा टीकाकार नकळत जी मागणी करतो, तिचे हे टोक आहे.

५.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष भारतीय संदर्भात एका पुरवणीवाचून अपुरा राहील. आपण काय खात नाही हे जाहीर करणे ही आपल्या समाजात केवळ नैतिक कृती नव्हे. ती प्रतिष्ठेची खूणही आहे. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करणाऱ्या शाहू पाटोळे यांच्या ग्रंथाचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे शीर्षकच या प्रतिष्ठेला दिलेले उत्तर आहे. वजडी, रक्ती, चान्या अशा पदार्थांच्या वर्णनात जनावराचा प्रत्येक भाग नावानिशी येतो. तेथे वर्ज्याची घोषणा नाही म्हणून विसंगतीही नाही. तरीही सामाजिक दोष लागला तो उघडपणे खाणाऱ्यालाच. उलट, शाकाहाराची घोषणा करून चोरून खाणाऱ्याचे स्थान सहसा ढळले नाही. म्हणजे विसंगतीचा न्यायनिवाडाही सर्वांना सारखा लागू झालेला नाही. ज्याला घोषणा करण्याची मुभा आणि निवडीची ऐपत आहे, त्याचीच विसंगती समीक्षेचा विषय होते.

तेव्हा आहारव्रताच्या साहित्याकडे पाहताना दोन निकष एकत्र वापरणे आवश्यक वाटते. विसंगतीची कबुली किती प्रामाणिक आहे, हा पहिला. कबुलीनंतर संहितेत जनावर उरते काय, हा दुसरा. पहिल्या निकषावर गांधींची आत्मकथा अजोड आहे. दुसऱ्या निकषावर कुट्सी आणि हान कांग तिच्या पुढे जातात. आणि व्रताच्या वाटेला न जाणारा पाटोळे यांचा ग्रंथही, अगदी वेगळ्या दिशेने येऊन, त्या निकषाला उतरतो. दांभिकतेचा आरोप मात्र केवळ पहिल्या निकषापुरता थांबतो. म्हणूनच तो खरा ठरला तरी, ताटातल्या जनावराविषयी त्याने अद्याप काहीही सांगितलेले नसते.