फिरणारी मोटर आणि चालणारी गाडी

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांतून 'रोबो' तयार होऊ लागतात. पुठ्ठ्याचे खोके, दोन चाके, दोन छोट्या मोटरी आणि सेल. एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांनी मोडक्या खेळण्यातली मोटर काढली, तिच्या दांड्यावर चाक बसवले आणि सेल जोडले. गाडी हातात धरली की चाक भन्नाट फिरे. जमिनीवर ठेवली की जागच्या जागी गुरगुरे. एक मुलगा म्हणाला, "सर, हे फिरते, पन चालत नाही जी." मी त्याला तयार गिअरची मोटर आणून दिली. गाडी चालली, प्रश्न मात्र तिथेच राहिला. ही चूक माझी होती. परंतु आपल्यापुढे असलेले साहित्यही या प्रश्नाला बगल देते असे मला वाटते. म्हणून त्यातल्या दोन नमुन्यांची येथे थोडी चिकित्सा करू.

पहिला नमुना अरविंद गुप्ता यांनी घरोघरी पोचवलेली सेफ्टी-पिनची मोटर. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची ही मोटर म्हणजे काटकसरीचा उत्तम नमुना आहे. एक सेल, दोन सेफ्टी-पिना, सायकलच्या ट्यूबचे रबर, एक चुंबक आणि इनॅमलच्या तारेचे वेटोळे. पंपाच्या मोटरी भरून देणाऱ्या दुकानात तारेचा तुकडा सहज मिळतो. या मोटरीत झाकलेले काहीच नाही. वेटोळ्याच्या टोकावरचे इनॅमल तीन बाजूंनी खरवडायचे आणि एका बाजूचे राखायचे, यातच सारे मर्म आहे. सगळेच खरवडले तर अर्ध्या फेऱ्यानंतर बल उलट दिशेने लागते आणि वेटोळे नुसते डुलत राहते. एक बाजू राखली की त्या काळात प्रवाह तुटतो आणि वेटोळे आपल्या गतीनेच पुढचा टप्पा ओलांडते.

परंतु ही कृती 'मोटर फिरली' येथे संपते. फिरणाऱ्या वेटोळ्याला कागदाची लहानशी पट्टी चिकटवून पाहा. बहुधा ते अडखळेल किंवा थांबेल. मोटरीला काम करायचे असते, भार ओढायचा असतो, ही गोष्ट या प्रयोगात येतच नाही. शिवाय तिला सुरुवातीला बोटाने ढकलावे लागते. बाजारातल्या छोट्या मोटरीच्या फिरत्या भागावर तीन वेटोळी असतात, त्यामुळे ती कोणत्याही स्थितीतून आपोआप सुटते. ही तुलना केली तर मुले पुढे जातील. ती आपणच करायला हवी.

दुसरा नमुना तयार किटचा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे रोबोचे साहित्य काही शाळांत पोचले, बाजारातही अशी किट मिळतात. त्यांतली पिवळ्या डबीची गिअर मोटर भरवशाची आहे. तासाभरात गाडी धावते, मुलांचा हुरूप वाढतो. हा गुण मी कमी लेखत नाही. दोष हा की उत्तर डबीत बंद असते आणि पुस्तिकेत लिहिलेले असते 'मोटर येथे बसवा'. हीच का, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न फळ्यावर गणित मांडून सुटतो. खेळण्यातली मोटर भार नसताना मिनिटाला काही हजार फेरे घेते. सोयीसाठी ६००० धरू, म्हणजे सेकंदाला १००. तिला ६५ मिलीमीटर व्यासाचे चाक थेट लावले तर एका फेऱ्यात गाडी सुमारे २० सेंटीमीटर जायला हवी. म्हणजे सेकंदाला २० मीटर, तासाला ७२ किलोमीटर! दोन पेन्सिल सेलवर एस.टी.चा वेग आपण मागत होतो. पिवळ्या डबीतली दातेरी चाके बहुधा ४८ फेऱ्यांचा एक फेरा करतात. वेग घटतो आणि घर्षणात जाणारा वाटा सोडला तर फिरवण्याची ताकद त्याच प्रमाणात वाढते. गावातल्या पिठाच्या गिरणीत मोटरीची कप्पी लहान आणि जात्याची मोठी का, याचेही उत्तर हेच.

मग गिअर नसेल तर? येथे गुप्तांच्याच पेटीतली दुसरी वस्तू कामी येते. ती म्हणजे सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब. काडीपेटीच्या काड्यांची मॉडेल्स जोडायला ते जी नळी वापरतात, ती खेळण्यातल्या मोटरीच्या २ मिलीमीटर दांड्यावरही घट्ट बसते. चाक काढून टाका, नळीचा तुकडा दांड्यावर चढवा आणि मोटर तिरपी बसवून नळीच जमिनीला टेकवा. आता चाकाचा व्यास सुमारे ४ मिलीमीटर. तीच मोटर जमिनीला सुमारे १६ पट जोराने रेटते आणि वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आत येतो. १९९० च्या दशकात मार्क टिल्डन यांच्या 'बीम' रोबोंच्या छंदात वॉकमन, पेजर यांतल्या टाकाऊ मोटरी अशाच, दांड्यालाच चाक मानून, वापरल्या गेल्या.

भंगारातून मोटर निवडताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टेपरेकॉर्डरच्या बहुतेक मोटरींत वेग स्थिर राखणारी जोडणी असते, त्यामुळे त्या एकाच दिशेने फिरतात. मागेपुढे जाणाऱ्या रोबोला त्या निरुपयोगी. मोबाइलमधल्या कंपनाच्या मोटरीचा दांडा फार बारीक असतो. त्याला तारेवरचे प्लॅस्टिकचे आवरण पुरते. आणि लहान चौकोनी ९ व्होल्टचा सेल टाळावा. त्याचा आंतरिक रोध जास्त असल्याने अडलेल्या मोटरीला लागणारा प्रवाह तो देऊ शकत नाही. व्होल्टचा आकडा पाहून आपण फसतो.

सेफ्टी-पिनची मोटर 'का फिरते' ते दाखवते, किट 'चालते' एवढेच दाखवते. या दोहोंच्या मधली पायरी कोणत्याच पुस्तिकेत नाही. ती वर्गात, गुरगुरणाऱ्या गाडीपाशी बसून चढायची आहे. पुढच्या वेळी कोणी 'फिरते, पण चालत नाही' म्हणाले, तर नवी मोटर आणण्याआधी त्याच्या हाती इंचभर व्हॉल्व्ह-ट्यूब आणि एक मोजपट्टी द्यावी.