तार गेली, कलमं राहिली: शेतावरून जाणारी वीजवाहिनी आणि विचारण्याचा प्रश्न

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्याने मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने विजेच्या तारांवर काय बोलायचं?" प्रश्न रास्त आहे. विजेतलं मला फारसं कळत नाही. पण मी आज विजेवर बोलणार नाही, एका कायद्याच्या मजकुरावर बोलणार आहे. मजकूर वाचायचा, त्यात काय गृहीत धरलंय ते शोधायचं, हे काम मी आयुष्यभर केलं. तेच इथे करतो.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात, माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. त्या दिवशी ग्रामपंचायतीत बैठक होती. गावावरून ४०० केव्हीची वाहिनी जाणार होती आणि 'भूधारकांची मतं ऐकून घेण्यासाठी' ती बैठक बोलावली होती. मीही मागे जाऊन बसलो. समोर भिंतीवर नकाशा, नकाशावर लाल रेघ. दोन तास चर्चा झाली. मोबदला किती, चेक कधी, पिकाचा पंचनामा कोण करणार, सगळं बोलून झालं. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "साहेब, पैशाचं कळलं. पण ही रेघ इथूनच का?" साहेबांनी अगदी सभ्यपणे सांगितलं, "काका, ते आता फायनल आहे."

आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नावर आहे, असं समजा. ही रेघ इथूनच का?

आता मजकुराकडे वळू. अतिउच्चदाब वाहिनी शेतावरून नेण्याचा अधिकार येतो कुठून? वीज कायदा २००३, कलम १६४. या कलमाने सरकार वीज पारेषण करणाऱ्या संस्थेला तार खात्याचे अधिकार देऊ शकतं. हे अधिकार १८८५ च्या भारतीय तार कायद्यातले. म्हणजे २००३ साली नवा कायदा करताना सगळ्यात नाजूक प्रश्न आपण जवळजवळ सव्वाशे वर्षं जुन्या कायद्याकडे सोपवला.

पुढची गंमत बघा. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडची टेलिग्राम सेवा बंद झाली. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आला आणि त्यात १८८५ चा कायदा रद्द करण्याची तरतूद झाली. पण रद्द करताना एक अपवाद ठेवला: त्यातला तारा टाकण्याबद्दलचा भाग वीजवाहिन्यांसाठी चालू राहील. तार गेली, तिचा कायदा जायचा ठरला, पण शेतात शिरायची कलमं तेवढी राहिली.

ती कलमं काय म्हणतात? माझ्या शब्दांत सांगतो. कलम १० सांगतं की तार खातं कोणत्याही स्थावर मालमत्तेवरून, खालून, आडवी तार नेऊ शकतं आणि तिच्यात खांब रोवू शकतं. मात्र खात्याला जमिनीची मालकी मिळत नाही, फक्त वापराचा हक्क मिळतो. नुकसान शक्य तितकं कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई सर्व हितसंबंधी व्यक्तींना द्यायची. कलम १६ सांगतं की कोणी अडवलं तर जिल्हा दंडाधिकारी आपल्या अखत्यारीत आदेश देऊ शकतात. भरपाई अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.

यात एक शब्द कुठेच नाही: संमती. पण तो चुकून राहिलेला नाही. मागे एक युक्तिवाद आहे. आम्ही तुमचं काही घेत नाही, फक्त वापरतो. घेतच नाही, तर विचारायचं कशाला? २०१३ चा भूसंपादन कायदा खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधितांची संमती मागतो, सामाजिक परिणामांचा अभ्यास मागतो. पण वाहिनीसाठी जमीन 'संपादित' होतच नाही, म्हणून त्यातलं काही लागू होत नाही. पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेतही पारेषण वाहिन्या नाहीत, त्यामुळे तिथली जनसुनावणीही नाही. पॉवर ग्रिड विरुद्ध सेंचुरी टेक्स्टाइल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की कलम १६४ चे अधिकार मिळालेले असतील तर जमीनमालकाच्या पूर्वसंमतीची गरज नाही.

'फक्त वापरतो' हे वाक्य १८८५ साली बऱ्यापैकी खरं होतं. बांधावर एक खांब, त्यावर एक बारीक तार. बैल खालून जायचे, माणूस खाली झाड लावायचा. आज काय आहे? ४०० केव्हीच्या दुहेरी वाहिनीला साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो, ७६५ केव्हीच्या दुहेरीला ६७ मीटर. समजा, ४०० केव्हीची वाहिनी तुमच्या शेतात २०० मीटर चालली. पट्टा झाला ९,२०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वादोन एकर. त्या सव्वादोन एकरांत घर बांधता येत नाही, आंबा-नारळ वाढवता येत नाही, बोअरची गाडी उभी करणं जिवाशी खेळ, उसाचं पाचट पेटवणं धोक्याचं. सातबारा तुमच्याच नावावर. कायद्याच्या भाषेत तुमचं काहीच गेलेलं नाही!

याच कायद्याचं कलम १७ तर मुद्दाम वाचण्यासारखं आहे. मालकाला पुढे आपल्या जमिनीचा वेगळा उपयोग करायचा झाला, तर तो तार हलवायला सांगू शकतो. आधी भरपाई घेतली असेल तर तिच्यातला काही भाग परत करून. १८८५ चा कायदा करणाऱ्याच्या मनात तार ही हलवता येण्याजोगी वस्तू होती, म्हणून संमती न घेण्याला निदान एक आधार होता. आता चारशे केव्हीचा मनोरा हलवा म्हणून अर्ज करून बघा. आधार गेला, अधिकार मात्र तसाच राहिला. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

कोणी म्हणेल, सर, आता मोबदला खूप वाढलाय. खरं आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ च्या सूचनांत ते २०० आणि ३० टक्के झाले. एकरी दहा लाख भाव धरा, शेतात २२५ चौरस मीटरचा एक मनोरा धरा. आधी पावणेचार-चार लाख मिळाले असते, आता आठच्या आसपास. हे चांगलंच झालं. पण प्रश्न कधी विचारला जातो, ते बदललं का? नाही. रेघ आधी, दर नंतर. दर दुप्पट झाला म्हणून त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. त्यांनी 'किती' विचारलंच नव्हतं, त्यांनी 'का' विचारलं होतं.

आता दुसरी बाजू मांडतो, नाहीतर हे भाषण फार सोपं होईल. वाहिनी हवीच आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असल्या की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. शेतकऱ्याला पंपासाठी दिवसा वीज हवी, तीही कुणाच्या तरी शेतावरून येणार. शेकडो किलोमीटरच्या मार्गावर प्रत्येक खातेदाराला नकाराधिकार दिला, तर एकही वाहिनी उभी राहणार नाही. हे मला मान्य आहे.

आणखी एक गोष्ट. 'भूधारकाचं म्हणणं ऐका' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण माझ्या शेतातून रेघ सरकली की ती शेजाऱ्याच्या शेतात जाते. वाहिनी वळवायची म्हणजे वळणावर जास्त मजबूत, जास्त खर्चाचा मनोरा लागतो. म्हणजे वळण कधीच फुकटचं नसतं. मग जिथे ते येतं, तिथे का येतं? शाळा होती म्हणून? विहीर होती म्हणून? की कुणाचा तरी फोन गेला म्हणून? बंद खोलीत ऐकून घेतलेलं म्हणणं हा सहभाग नव्हे, तो वशिला. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्या शेतात मनोरा.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची शिडी मांडली. आठ पायऱ्या; तळाशी दिशाभूल, मध्ये माहिती देणं आणि सल्ला घेणं, सगळ्यात वर नागरिकांच्या हाती नियंत्रण. शिडी उपयोगी आहे, पण ती सत्ता किती मिळाली एवढंच मोजते. आपल्या प्रश्नात सगळी सत्ता एकट्या शेतकऱ्याला देता येत नाही, हे आत्ताच मान्य केलं. मग त्याला काय देणं लागतो? मी म्हणेन, उत्तर. माणसाची हरकत फेटाळता येते, पण तिला उत्तर न देता फेटाळली तर आपण त्याला माणूस न धरता वाटेतला अडथळा धरला. कांट जेव्हा म्हणतो की माणसाला नुसतं साधन करू नका, तेव्हा त्याचा व्यवहारातला अर्थ मला एवढाच दिसतो: तुमच्यावर जे लादलं जातंय, त्याचं कारण तुम्हाला कळलं पाहिजे आणि त्यावर तुम्हाला बोलता आलं पाहिजे.

हे अशक्य नाही. गोव्यात मोलेच्या जंगलातून ४०० केव्हीची वाहिनी जाणार होती. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने २०२१ मध्ये शिफारस केली, की ती आधीच्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच न्यावी. म्हणजे 'फायनल' रेघही हलते. मात्र तिथे जंगल होतं, वनमंजुरीची पायरी होती, म्हणून कुणीतरी 'इथूनच का' विचारू शकलं. नुसत्या शेताला तशी पायरी नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९७० च्या दशकात शेतकऱ्यांनी अशाच वाहिनीविरुद्ध मोठा लढा दिला. मनोरेसुद्धा पाडले, ते मी चांगलं म्हणत नाही. पण त्यातून १९७७ साली एक तरतूद आली: वाहिनी शेतातून नेणार असाल, तर मालक म्हणू शकतो की पट्टा नको, माझं अख्खं शेत विकत घ्या. 'आम्ही काही घेत नाही' या युक्तिवादाला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

तर माझं म्हणणं तीन वाक्यांत. रेघ ठरण्याआधी पर्यायी मार्ग गट नंबरांसह ग्रामसभेत मांडा. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या आणि प्रत्येक वळणाचं कारण जाहीर नोंदवा. आणि भरपाई फक्त सातबाऱ्यावरच्या नावाला देऊ नका. कलम १० मध्ये 'सर्व हितसंबंधी' असे शब्द आहेत, त्यात बटाईने कसणाराही येतो आणि जिचं नाव कधी उताऱ्यावर चढलंच नाही ती बाईही येते. इथे जुना कायदा आपल्या आजच्या वहिवाटीपेक्षा उदार आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला १८८३ साली. कागद आणि कचेरी यांच्यापुढे शेतकरी कसा मुका होतो, हे त्यात आहे. दोन वर्षांनी हा तार कायदा आला. योगायोग असेल. पण त्या बैठकीतून बाहेर पडताना ते म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारून चालले होते. मी विचारलं, "बाबा, वाईट वाटलं का?" ते म्हणाले, "लाइनीचं नाही वाटलं. लाइन कुठून तरी जाणारच. आम्हाला बोलावलं कशाला, ते नाही कळलं."

प्रश्नोत्तरांसाठी थांबतो.