ट्रीमॅप : भरलेल्या डिस्कचे अपुरे चित्र

१९९० साली अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एकच हार्ड डिस्क चौदा जण वापरत होते. ती भरली, आणि जागा कोणी किती व्यापली हे फोल्डरांच्या याद्या चाळून कळेना. या अडचणीतून बेन श्नायडरमन यांना ट्रीमॅपची कल्पना सुचली. संपूर्ण डिस्क म्हणजे एक आयत. मुख्य फोल्डरांच्या आकाराच्या प्रमाणात त्याचे उभे पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्टा आतल्या फोल्डरांच्या प्रमाणात आडवा कापायचा. त्याच्या आत पुन्हा उभा. शेवटी प्रत्येक फाइलीचा एक आयत होतो आणि त्याचे क्षेत्रफळ म्हणजे तिचा आकार.

ही कल्पना सातवीच्या मुलांना आलेखाच्या कागदावर सहज करून पाहता येईल, आणि आमच्या मते हाच तिचा मोठा गुण आहे. मूळ रीतीत एक खोट होती. पट्टे फार चिंचोळे होत. ४० × १ चा पट्टा आणि ८ × ५ चा आयत यांचे क्षेत्रफळ सारखेच, पण डोळ्याला ते पटत नाही. २००० साली नेदरलँड्समधील आइंडहोव्हनच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी चौरसाच्या जवळ जाणारे तुकडे पाडण्याची रीत मांडली, आणि ही खोट बरीचशी गेली. विंडोजसाठीचा विनडिरस्टॅट हा मोफत प्रोग्रॅम अशी चित्रे काढतो. शाळेच्या संगणकावर तो जरूर असावा.

आमची तक्रार वेगळी आहे. डिस्क भरल्याचे संगणक सांगतो तो आकडा एका हिशेबातून येतो आणि ट्रीमॅप दुसऱ्या. डिस्कवरचे किती ठोकळे वापरात आहेत याची नोंद फाइल-व्यवस्था स्वतः ठेवते. ट्रीमॅप मात्र एकेका फोल्डरात डोकावून, नाव दिसेल त्या फाइलींची बेरीज करतो. हे दोन आकडे जुळले पाहिजेत असा नियम नाही, आणि जागा ‘गूढपणे’ नाहीशी होते ती नेमकी या दोहोंमधल्या फरकात.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. आमच्या लिनक्स संगणकाची डिस्क एकदा भरली. चित्रातला सर्वांत मोठा आयत एका सहकाऱ्याच्या जुन्या प्रयोगाच्या नोंदींचा होता. त्यांना न विचारता आम्ही तो पुसला. दोन दिवसांत डिस्क पुन्हा भरली! खरा प्रकार असा होता : एक प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद एका फाइलीत अखंड लिहीत होता आणि ती फाइल कोणीतरी आधीच पुसली होती. लिनक्समध्ये फाइल पुसली की तिचे नाव यादीतून जाते. पण एखादा प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल, तर त्याने ती बंद करेपर्यंत जागा सुटत नाही. नाव नाही म्हणून आयत नाही, आणि फाइल तर वाढतेच आहे. ‘डीएफ’ ही आज्ञा पहिला हिशेब देते, ‘डीयू’ दुसरा. दोन्ही आकडे शेजारी मांडून वजाबाकी केली असती, तर उलगडा लगेच झाला असता. सहकाऱ्याच्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच.

विंडोजवर कारणे निराळी. संगणक पूर्वस्थितीला नेता यावा म्हणून राखलेल्या प्रती ज्या फोल्डरात असतात, तो सामान्य वापरकर्त्याला उघडता येत नाही. त्यामुळे बेरजेतून त्या सुटतात. बारीक फाइलींचा प्रकार तर वर्गात गणित म्हणून घालण्यासारखा आहे. पेनड्राइव्हवर ३२,७६८ बाइटचा क्लस्टर असेल, तर १०० बाइटची फाइलही अख्खा क्लस्टर अडवते. अशा दहा हजार फाइलींतला मजकूर १० लाख बाइट, अडलेली जागा ३२ कोटी ७६ लाख ८० हजार बाइट! चित्र मजकुराच्या आकारावरून काढले असेल, तर हा सारा फोल्डर त्यात एक ठिपका दिसतो. आणि शेजारी एखाद्या विद्यार्थ्याने स्नेहसंमेलनाची चित्रफीत ठेवलेली असली, तर जागेसाठी बळी तिचाच जातो.

संपूर्ण ड्राइव्ह तपासताना अशा ‘अज्ञात’ जागेचाही आयत दाखवण्याची सोय विनडिरस्टॅटमध्ये आहे, पण ती पर्यायांत शोधावी लागते. आमच्या हाती असते, तर तो आयत आम्ही सर्वांत आधी काढला असता, तोही काळ्या रंगात.