अस्मिता कोणाची? : मध्ययुगीन वेल्श वाङ्मय आणि 'तायोग'

'वेल्श' हे नाव वेल्श लोकांनी स्वतःला घेतलेले नाही. ते त्यांना शत्रूने दिले. जुन्या इंग्रजीत 'वेल्ह' म्हणजे परका. आणि पुढे याच शब्दाला 'गुलाम' असाही अर्थ चिकटला. ज्या बेटावर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते त्याच बेटावर ते परके ठरले, आणि परका तोच गुलाम हे समीकरण जेत्याच्या भाषेत मुरून गेले. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सच्या इने राजाने जे कायदे केले त्यांत इंग्रज माणसाच्या जिवाची किंमत एक आणि त्याच राज्यात राहणाऱ्या वेल्श माणसाच्या जिवाची दुसरी. वेल्श माणूस स्वस्त. नाव लादले जाणे म्हणजे काय हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या लोकांनी स्वतःसाठी वापरलेला शब्द आहे 'कम्री'. त्याचा मूळ अर्थ एकाच मुलखातले, देशबांधव. शब्द मोठा आहे. त्यात बंधुत्वाचे वचन आहे. ते वचन कोणाला दिले होते आणि कोणाला दिले नव्हते, एवढाच प्रश्न मला येथे विचारायचा आहे. कारण वेल्स, आयर्लंड अशा जित राष्ट्रांच्या वाङ्मयाविषयी बोलताना आपण बहुधा जेता आणि जित एवढी एकच जोडी पाहतो. जिताच्या घरात कोण ओसरीवर बसला होता आणि कोण गोठ्यात, हे पाहायचे राहून जाते.

वेल्श अस्मितेचा पुरावा म्हणून जो प्रसंग नेहमी पुढे केला जातो तो पेनकाडेरच्या म्हाताऱ्याचा. ११६३ साली इंग्लंडचा दुसरा हेन्री दक्षिण वेल्सवर चालून गेला असता त्याने पेनकाडेर येथील एका वृद्धाला विचारले, तुझे लोक टिकाव धरतील काय? वृद्धाने सांगितले की या राष्ट्राला तुझ्या बळाने किंवा दुसऱ्या कोणाच्या बळाने तडाखे बसतील, पण देवाचा कोप झाल्याखेरीज त्याचा समूळ नाश होणार नाही. आणि अखेरच्या न्यायाच्या दिवशी या कोपऱ्याचा जाब याच लोकांची भाषा देईल. गेराल्ड या धर्मपंडिताने आपल्या वेल्सवर्णनाच्या ग्रंथात, ११९४च्या सुमारास, ही हकीकत दिली आहे. उत्तर तेजस्वी आहे यात वाद नाही. पण गेराल्ड आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती सहसा उद्धृत केली जात नाही : हा म्हातारा हेन्रीच्या फौजेत होता. आपल्याच लोकांच्या दुर्वर्तनाला कंटाळून तो शत्रूला मिळाला होता. गेराल्ड स्वतः तीन चतुर्थांश नॉर्मन, एक चतुर्थांश वेल्श; त्याच ग्रंथात तो वेल्स कसे जिंकावे याचा सल्ला देतो आणि लगेच वेल्श लोकांनी कसे झुंजावे याचाही. अस्मितेचे हे मूळ वचन दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभ्या असलेल्यांच्या तोंडून आलेले आहे. असो.

मला महत्त्वाचे वाटते ते कायद्याचे वाङ्मय. वेल्श कायदा दहाव्या शतकातील राजा हवेल दा याच्या नावावर मोडतो. हवेल ९५०च्या सुमारास मेला. आज हाती असलेली हस्तलिखिते मात्र तेराव्या शतकापासूनची आहेत. वेल्श लोकांना या कायद्याचा फार अभिमान, आणि तो अगदीच अनाठायी नाही. स्त्रीला घटस्फोटात मालमत्तेचा वाटा, अनौरस मुलाला बापाच्या जमिनीत हिस्सा, अशा पुष्कळ गोष्टी तेथे आहेत. परंतु हाच ग्रंथ माणसांची उतरंड रचतो. वर राजा. त्याखाली 'उखेलूर', म्हणजे उच्चकुलीन. मग 'बोनहेदिग', म्हणजे ज्याला वंशाचे मूळ आहे असा स्वतंत्र माणूस. त्याखाली 'तायोग' : जमिनीला बांधलेला भूदास. आणि सर्वांत खाली 'काइथ', निव्वळ गुलाम. खून झाला तर मारेकऱ्याच्या कुळाने मृताच्या कुळाला द्यायची भरपाई या उतरंडीप्रमाणे ठरलेली. राजाच्या तायोगाची एक किंमत, उखेलूरच्या तायोगाची तिच्या निम्मी. गुलाम मारला तर अशी भरपाई नाहीच. जनावर मेल्यासारखे मालकाला मोल द्यायचे आणि मोकळे व्हायचे. राजाचा वाडा, कोठार, तबेला कोणी उभारायचा? तायोगाने. राजाच्या घोड्यांना, कुत्र्यांना दाणापाणी कोणी द्यायचे? तायोगाने.

जन्मजात बोनहेदिग कोण, याची व्याख्या या ग्रंथात येते. जो आईकडून आणि बापाकडून कम्री आहे. ज्याच्या वंशात गुलाम नाही, परका नाही, हीन रक्त नाही. ही व्याख्या सावकाश वाचली पाहिजे. परका आणि गुलाम येथे एकाच दमात, एकाच रेषेबाहेर ठेवले आहेत. इंग्रजांनी 'वेल्ह' या शब्दात जे केले तेच वेल्श पंडितांनी आपल्या घरातल्या माणसांबाबत केले. बाहेरून आपल्यावर लादलेली मोजपट्टी त्यांनी नाकारली नाही. तिचे एक माप घरातही ठेवले.

यापुढे एक नियम आहे आणि माझ्या मते मध्ययुगीन वेल्श काव्याचा विचार तेथूनच सुरू व्हावा. तायोगाच्या मुलाने धन्याच्या परवानगीवाचून तीन विद्या शिकू नयेत : पांडित्य, लोहारकाम आणि कविता. पोथी, हातोडा आणि कवन! त्यात कविता का असावी? कारण कवी हा त्या समाजात दरबाराचा अधिकारी होता. त्याचे आसन ठरलेले, त्याचे मानधन ठरलेले, वंशावळी त्याच्या ताब्यात. वंश हाच हक्काचा पुरावा असलेल्या समाजात वंशावळ जाणणारा माणूस जमिनीच्या दस्तऐवजासारखा होता. तायोगाच्या पोराच्या हाती तो दस्तऐवज कसा द्यायचा?

शंबुकाची कथा ज्याने ऐकली आहे, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला कोणता ग्रंथ जाळला गेला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला येथे थांबावेसे वाटेल. पण घाईने बरोबरी करू नये. वेल्श नियमाला एक दार आहे. धन्याने कानाडोळा केला आणि मुलाचे धर्मदीक्षेचे मुंडण झाले, किंवा तो स्वतःच्या भात्यापाशी लोहार म्हणून उभा राहिला, किंवा कवी म्हणून पदवी पावला, तर त्याला पुन्हा दास्यात ओढता येत नसे. विद्या मिळाली की जन्म गळून पडे. आमच्याकडे विद्या मिळाल्यावरही जन्म गळून पडत नाही. त्याचबरोबर हेही खरे की हे दार उघडण्याची किल्ली धन्याच्याच कमरेला होती, आणि दार आहे म्हणून भिंत नाहीशी होत नाही.

ही भिंत कथांमध्येही दिसते. 'माबिनोगी'च्या तिसऱ्या शाखेत राज्य उजाड झाल्यावर मानाविदान आणि प्रडेरी हे राजकुलीन पुरुष इंग्लंडात हेरफर्डला जाऊन खोगिरे करतात, पुढे इतर गावी ढाली, जोडे करतात. त्यांचा माल इतका सरस की स्थानिक कारागीर त्यांना मारायला उठतात. तेव्हा संतापलेला प्रडेरी त्या कारागिरांना कोणती शिवी देतो? तायोग! म्हणजे परक्या शहरातल्या इंग्रजाला हिणवायचे तर आपल्या घरातल्या दासाचे नाव पुरते. पुढे प्रडेरी नाहीसा होतो आणि मानाविदान पुन्हा जोडे करायचे म्हणतो, तेव्हा प्रडेरीची बायको किग्वा म्हणते की हे काम तुमच्यासारख्या कुशल, थोर माणसाला स्वच्छ नव्हे. मानाविदान काम पत्करतो खरे. पण कातडी कमावण्याच्या भानगडीत तो पडत नाही. शहरातले उत्तम तयार चामडे विकत घेतो आणि सोनाराकडून सोनेरी बक्कले करून घेतो. कथाकाराने त्याला सोनेरी चर्मकार म्हणून गौरविले आहे. ते चामडे कमावणारे हात कोणाचे, हे कथेत नाही. अभ्यासक या कथेला संयमाची, शहाणपणाची कथा म्हणतात, आणि ती तशी आहेही. पण मला ती वाचताना कुंडातल्या चामड्याचा वास येतो, त्याला माझा इलाज नाही.

१२८२च्या डिसेंबरात लेवेलिन हा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र मारला गेला आणि १२८४च्या कायद्याने पहिल्या एडवर्डने जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावली. किल्ल्यांच्या कुशीत इंग्रजांची गावे वसली आणि त्यांत वेल्श माणसाला नागरिक म्हणून जागा नव्हती. दरबार गेले, कवी उखेलूरच्या वाड्यावर आला. या काळातला मोठा कवी योलो गोख, चौदाव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याच्या दोन कविता शेजारी ठेवून वाचाव्यात.

पहिली ओवेन ग्लिनडूरच्या सखार्थ येथील वाड्यावर. कौले, धुराडे, गिरणी, कबुतरखाना, मासळीचे तळे, हरणांचे रान. दाराला कडी नाही, अडवणारा दरवान नाही. औदार्याचे इतके रसरशीत चित्र क्वचितच सापडेल. आणि या सगळ्या संपन्नतेच्या मध्ये, जाता जाता, ग्लिनडूरचे दास सारी आवश्यक कामे नीट करतात असा उल्लेख. बस. मासळीला जेवढी जागा मिळाली तेवढीही त्यांना नाही.

दुसरी कविता नांगऱ्यावर. तीत कवी म्हणतो की न्यायाच्या दिवशी नांगरधारी सुखी ठरेल. त्याच्यावाचून ना पोप, ना सम्राट, ना राजा जगेल. चौदाव्या शतकात श्रमिकावर पूर्ण कविता लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि कवीचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु नांगऱ्या चांगला का? तो धर्माला दशांश वेळेवर देतो म्हणून. तो भांडत नाही, युद्ध करीत नाही, कोणाकडे हक्क सांगत नाही म्हणून. १३८१ साली इंग्लंडातले शेतकरी वॉट टायलरच्या मागे उठले होते. त्या उठावाची सावली काही अभ्यासकांना या कवितेवर दिसते. ती असो वा नसो, ही स्तुती अटीवर दिलेली आहे. तोंड बंद ठेवशील तर स्वर्ग तुझा. कणव आणि धाक एकाच ओंजळीत देणारी ही करुणा आपल्याही ओळखीची आहे. मध्यमवर्गीय ग्रामीण कथेत ती पोत्याने मिळते.

योलो गोख वारला आणि थोड्याच काळात, १४०० साली, ग्लिनडूरने बंड पुकारले. इंग्लंडात राबणारे वेल्श मजूर काम सोडून मायदेशी निघाल्याची तक्रार १४०१च्या पार्लमेंटपुढे आली. न भांडणारा नांगऱ्या भांडायला निघाला होता! १४०३ साली इंग्रजांनी सखार्थ जाळले. १४०६च्या पेनाल येथील पत्रात ग्लिनडूरने फ्रान्सच्या राजाला आपले मनोरथ कळविले : स्वतंत्र वेल्श धर्मपीठ, वेल्श जाणणारे पाद्री, उत्तरेत एक आणि दक्षिणेत एक विद्यापीठ. पत्र धर्मपीठाच्या प्रश्नावर असल्याने त्यात सगळे यावे ही अपेक्षा चुकीची ठरेल. तरीही तायोगाचा मुलगा त्या विद्यापीठाच्या दारात उभा राहू शकला असता काय, हा प्रश्न मनातून जात नाही.

बंडाने चवताळलेल्या इंग्रज राजवटीने १४०१-०२मध्ये जे कायदे केले त्यांनी वेल्श माणसाला इंग्रज गावात जमीन, अधिकारपद, शस्त्र, सभा, सारे बंद केले. भाट-कवींच्या फिरतीवरही बंदी आली. हे कायदे पुस्तकातून कायमचे काढले गेले ते १६२४ साली. उच्चकुलीनांनी यावर काढलेला मार्ग असा की राजाकडे अर्ज करून स्वतःपुरते 'इंग्रज' ठरवून घ्यायचे. वंशावळीचा एवढा अभिमान, आणि तो असा सुटतो.

तायोगाची सुटका कवीने केली नाही, ग्लिनडूरनेही नाही. १३४९च्या महामारीत वस्त्या ओस पडल्या, उरलेले पळाले, वेठ घेण्याला माणूसच राहिले नाही. अखेर १५०४ ते १५०८ या काळात सातव्या हेन्रीने उत्तर वेल्समधील मुलखांना पैसे घेऊन ज्या सनदा दिल्या त्यांत भूदासांची मुक्तता आली. मुक्तीची किंमत रोख मोजली गेली.

१५३६च्या कायद्याने वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पद बंद केले. या कलमावर वेल्श इतिहासात पुष्कळ शोक आहे आणि तो रास्त आहे. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत खटला चालताना कोर्टात उभे राहणे काय असते ते निरक्षरालाच विचारावे. पण पद गमावण्याची भीती ज्याला होती तो उखेलूर होता, आणि तो हळूहळू इंग्रजीकडे गेला. ज्याला पद कधी मिळणारच नव्हते त्याच्या तोंडी भाषा राहिली. कवींचे काय? १५६७च्या एलिझाबेथ राणीच्या सनदेने काइरविस येथे कवींची परीक्षा ठरविली : लायक ठरतील त्यांना पदवी, बाकी 'भटक्यां'नी कामधंद्याला लागावे. तेव्हा पदवीधर कवींचा या चाळणीला पाठिंबा होता. दाराबाहेर कोणी असल्याखेरीज आतल्याला पदवीची गोडी नसते.

१५८८ साली वेल्श भाषेत संपूर्ण बायबल आणणारा विल्यम मॉर्गन हा एका कुळाचा मुलगा होता. पुढे रीस प्रिचर्ड नावाच्या पाद्र्याने (१५७९–१६४४) पदवीधरांची कडक वृत्ते बाजूला ठेवून, वाचता न येणाऱ्यांना पाठ व्हावीत अशी, बोलीतली, इंग्रजी शब्दांनाही न विटाळणारी पद्ये लिहिली. जुन्या काव्यशास्त्राच्या मापाने ती ओबडधोबड आहेत. १६८१ साली ती 'वेल्श लोकांची मेणबत्ती' या नावाने एकत्र छापली गेली आणि पुढची शंभर-दीडशे वर्षे घराघरांत राहिली. तीत बंड नाही, उपदेशच आहे. त्यामुळे तिला उगाच डोक्यावर घेण्याचे कारण नाही. पण ऐकणारा कोण हे तिने बदलले.

आजच्या वेल्श भाषेत 'बोनहेदिग' म्हणजे सभ्य, खानदानी. सभेची सुरुवात करताना वक्ता श्रोत्यांना संबोधतो तो शब्द याच मुळाचा. आणि 'तायोग' म्हणजे लाचार, खुजा. विसाव्या शतकातल्या वेल्श राष्ट्रवाद्यांनी इंग्रजांपुढे मान तुकवणाऱ्या स्वकीयांना हीच शिवी दिली. वस्तुतः मान तुकवून अर्ज करणारे तायोग नव्हते.

त्या खऱ्या तायोगांची नावे शोधायची तर कवितांच्या संग्रहात सापडत नाहीत. ती सापडतात १३३४ साली इंग्रज सरदारासाठी झालेल्या डेनबीच्या जमीनपाहणीत, लॅटिनमध्ये, गावागणिक, बापाच्या नावासह, आणि प्रत्येकापुढे त्याने किती देणे लागते त्याचा आकडा.